लाडूनं दोन महिने जेवण सोडलंय (अजगर आहे, मुलगा नव्हे)

शेवंती७ | १८ जानेवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं मी पाककृती विभागात वावरतेय, या बाजूला आज पहिल्यांदाच. हसू नका.

आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलगा ११ वर्षांचा. कुत्रा नको, मांजराची ॲलर्जी, माशांचा कंटाळा, असं करत करत ऑक्टोबरमध्ये घरात बॉल पायथन आला. आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं मध्ये लपवतो, म्हणून मुलानं नाव ठेवलं लाडू. नर आहे, वय साधारण सव्वा वर्ष.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं तसे फ्रोझन उंदीर आणले, कोमट पाण्यात गरम करून दिले. पाच वेळा व्यवस्थित जेवला. शेवटचं जेवण २३ नोव्हेंबर. त्यानंतर आजपर्यंत एक घास नाही. आठ आठवडे! दर तीन-चार दिवसांनी नवीन उंदीर काढते, नाकासमोर हलवते, तो मान वळवतो. उंदीर कचऱ्यात. मुलगा रोज शाळेतून आला की आधी टाकीपाशी जातो आणि रडवेला होऊन परत येतो. घर शाकाहारी आहे, त्यामुळे माझी मानसिक अवस्था तुम्हीच ओळखा. काय करू?

पुणेरी_टोपी | १८ जानेवारी

उंदीर फ्रीजरमध्ये नक्की कुठे असतात? मटारच्या शेजारी? एक सहज शंका.

शेवंती७ | १८ जानेवारी

गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घेतलाय हो. मटार सुखरूप आहेत.

रानमांजर | १८ जानेवारी

ताई, मी ब्रिस्बेनला असतो. माझ्याकडे दोन कार्पेट पायथन आहेत, रीतसर परवान्यावर. (इथे बॉल पायथन पाळायला बंदी आहे, फक्त ऑस्ट्रेलियातले साप पाळता येतात.) पण अजगरांचे नखरे सगळीकडे सारखेच.

आधी एक सांगतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. बॉल पायथननं दोन महिने न खाणं ही बातमीच नाही. सहा-सहा महिने न खाता ठणठणीत राहिलेले नर पाळणाऱ्यांच्या वह्यांत सापडतील, आणि हिवाळ्यात तर जास्तच. २००७ साली अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातल्या एका संशोधकानं ६२ साप जवळजवळ साडेपाच महिने उपाशी ठेवून मोजमापं घेतली. त्यात बॉल पायथनही होते. काहींनी आपला चयापचय ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. गंमत म्हणजे उपाशीपोटी लांबीनं वाढलेसुद्धा. आपल्याला एकादशीला दुपारी चार वाजता गरगरायला लागतं, ते गणित इथे लावू नका.

आता प्रश्न. वजन किती? आधी किती होतं? २३ नोव्हेंबरच्या आसपास घरात किंवा टाकीत काय बदललं? गरम बाजूला आणि थंड बाजूला तापमान किती, आणि ते कशानं मोजता? लपायला काय दिलंय? आणि उंदीर म्हणजे माऊस की रॅट? मराठीत दोघेही उंदीरच, पण सापाला फरक कळतो.

वाईचा_बाळ्या | १९ जानेवारी

मी गेली बारा वर्षं वाई-पाचगणी भागात साप पकडून सोडतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साप पाळायची वस्तू नाही. त्याला आपली माया लागत नाही. तुमच्या पोराला जो आनंद मिळतोय तो एकतर्फी आहे. आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरात ठेवला तर वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे.

रानमांजर | १९ जानेवारी

बाळ्या भाऊ, तत्त्वाची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू, मी तिथे येतो. हा साप पिंजऱ्यातच जन्मलेला असणार, आता त्याला शिकागोच्या बर्फात सोडायचा का? आहे तो नीट जगवायचा, एवढाच प्रश्न आहे.

वाईचा_बाळ्या | १९ जानेवारी

ते पटलं. मग एक माझ्याकडचं घ्या. धामण पकडली की पुष्कळदा ती पोटातला बेडूक किंवा उंदीर तिथल्या तिथे ओकून टाकते. पळायचं असेल तर पोटात ओझं नको. म्हणजे भ्यालेला साप पोटातलं बाहेर काढतो, तो नवीन कशाला आत घेईल? तुमचा लाडू कशाला तरी भितोय. पोरगा दिवसातनं किती वेळा हात लावतो?

शेवंती७ | १९ जानेवारी

बापरे, इतके प्रतिसाद! एकेक सांगते.

मुलाची वही आहे. २० नोव्हेंबरला वजन ६४० ग्रॅम लिहिलंय. आज केलं तर ६१२. (स्वयंपाकघरातला काटा त्याच्या नावावर करून टाकला, मी नवीन घेणार.)

बदललं काय म्हणाल, तर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये आम्ही त्याला मोठी काचेची टाकी घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद. आधी तो विकणाऱ्यानं दिलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात होता, बघून कसंतरी व्हायचं. आता ऐसपैस आहे. आत एक झाडाची फांदी, पाण्याचं भांडं आणि लाकडाचा अर्धगोल पूल आहे, त्याखाली बसतो. तापमान ८६ फॅरनहाइट दाखवतं, काचेला चिकटवलेला गोल काटा आहे. दिवसा दिवा असतो, रात्री बंद करतो. दुकानदार म्हणाला, एवढा मोठा झालाय तर आता रॅट द्या, म्हणून डिसेंबरपासून मध्यम आकाराचे रॅट आणतेय. आधी माऊस खायचा. मुलगा रोज अर्धा तास हातात घेतो, 'त्याला एकटं वाटू नये म्हणून'.

लिहिता लिहिताच काहीतरी कळायला लागलंय.

रानमांजर | १९ जानेवारी

ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंत. :)

वजनाचं आधी. ६४० वरून ६१२ म्हणजे साडेचार टक्केसुद्धा नाही. मी दहा टक्क्यांवर कान टवकारतो, तुमच्या बाबतीत ५७६. तो आकडा वहीत लाल पेननं लिहून ठेवा आणि वजन आठवड्यातून एकदाच करा, रोज नको.

काचेवरचा गोल काटा आजच काढून फेका. तो काचेचं तापमान सांगतो. साप काचेवर बसत नाही, जमिनीवर बसतो. तापमान मोजायची बंदूक मिळते स्वस्तात, किंवा वायर असलेला डिजिटल. गरम बाजूची जमीन ९० फॅरनहाइटच्या आसपास, थंड बाजू ७६ ते ८०. रात्री दिवा बंद केल्यावर किती होतं तेही बघा. साप आपलं पोट स्वतः गरम ठेवू शकत नाही. अंग गार असेल तर गिळलेलं पचायच्या आत सडतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण गार अंगानं तो घास घेत नाही.

पुणेरी_टोपी | १९ जानेवारी

म्हणजे सापसुद्धा म्हणतो, आधी फुलके गरम पाहिजेत. आमच्या घरचाच निघाला.

देशमुखी_थाट | २० जानेवारी

एवढं पुराण कशाला? जिवंत उंदीर सोडा टाकीत. निसर्गात कोण त्याला गरम पाण्यात बुडवून देतं? समोर पळताना दिसला की झडप घालेल. माझ्या ह्यूस्टनच्या मित्रानं असंच केलं.

कॉर्नफ्लेक्स | २० जानेवारी

हे मी केलंय, म्हणून सांगते. आमच्याकडे कॉर्न स्नेक आहे, अमेरिकेतला बिनविषारी साप (आम्ही न्यू जर्सीत). दोन वर्षांपूर्वी असाच अडून बसला होता, दुकानातून जिवंत माऊस आणला, टाकीत सोडला आणि 'त्याला निवांत खाऊ दे' म्हणून झोपायला गेलो. सकाळी माऊस आरामात पाण्याच्या भांड्यापाशी बसलेला, आणि सापाच्या पाठीवर तीन ठिकाणी कुरतडलेलं. एका जागी खवले आजही उगवलेले नाहीत. साप भुकेला नसेल तर तो प्रतिकार करत नाही. उंदीर मात्र भुकेला असतो.

खवलेमांजर | २० जानेवारी

मी पशुवैद्य आहे, इंग्लंडमध्ये लीड्सजवळ. आमच्याकडे निम्मे रुग्ण ससे आणि पोपट असतात, उरलेल्यांत सरडे, कासवं, साप. वर म्हटलंय तशा उंदरानं खाल्लेल्या जखमा मी शिवल्या आहेत, पाठीचा कणा दिसेपर्यंतच्या. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळाही जातो. जिवंत भक्ष्य हा उपाय मी सुचवत नाही. आणि मेलेल्या भक्ष्यावर आधीपासून जेवणाऱ्या सापाला परत जिवंताची सवय लावणं म्हणजे उलटी पायरी.

शेवंतीताई, आजारपण नाही ना एवढं आधी बघून घेऊ. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का? नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज? तोंडाच्या कडेला लाळ किंवा पिवळट चिकटा? खवल्यांच्या खाली, हनुवटीच्या घडीत मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके, म्हणजे माइट्स, रक्त पिणारे बारीक किडे? पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसून राहतो का? मान वर करून आकाशाकडे बघत राहतो का? पाठीवरून हात फिरवला तर कणा धारदार लागतो का? यातलं एकही असेल तर प्रयोग थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, ताजी विष्ठा डबीत घेऊन. नेहमीच्या कुत्र्या-मांजराच्या दवाखान्यात फोन करून आधी विचारा, साप बघतात का ते.

यातलं काही नसेल तर तुमचा साप आजारी नाही, गैरसोयीत आहे.

आणि कृपा करून जबरदस्तीनं तोंड उघडून कोंबू नका. इंटरनेटवर असे व्हिडिओ बघून लोक पेन्सिलीनं जबडा उघडतात आणि हिरड्या फाडून माझ्याकडे घेऊन येतात. मग साप महिनाभर तोंडाच्या जखमेमुळे खात नाही. नळीनं अन्न द्यायची वेळ आली तर ते डॉक्टर करेल.

शेवंती७ | २१ जानेवारी

डॉक्टर, मनापासून आभार. तुमची यादी घेऊन मी आणि मुलगा टॉर्च लावून बसलो. काही नाही सापडलं. श्वास शांत, हनुवटी स्वच्छ.

बंदूक आली. आणि आता मला रडू येतंय. दिव्याखालची जमीन १०६. काचेवर तेव्हाही ८६. थंड बाजू ७१. आणि रात्री दोनला उठून मोजलं तर सगळीकडे ६८! बाहेर उणे १४ सेल्सिअस आहे, घरातला हीटर रात्री आम्हीच कमी करतो. बिचारा दिवसा तव्यावर आणि रात्री फ्रीजमध्ये. आर्द्रता २३ टक्के.

रानमांजर | २१ जानेवारी

रडू नका, हे दहातल्या सहा घरी असतं. थर्मोस्टॅट घ्या, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर त्याला जोडा, तो चोवीस तास चालू. पांढरा दिवा फक्त दिवसापुरता. हीटरला जाळी लावा, साप चिकटून बसतो आणि भाजतो.

आर्द्रतेसाठी जाळीच्या झाकणाचा बराच भाग फॉइलनं झाका, तळाला नारळाचा भुसा घाला आणि त्यात कोपऱ्यातून पाणी ओता, वरून फवारे मारत बसू नका. ६० टक्क्यांच्या पुढे जायला हवं. घाना, टोगो, बेनिन या भागात हे साप दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या जुन्या वारुळात पडून असतात. वरचं गवताळ रान कोरडं असलं तरी बीळ दमट असतं.

नवखी | २२ जानेवारी

थोडं अवांतर. मी पुण्यात असते. मलाही बॉल पायथन घ्यायचा आहे, एक जण कागदपत्रांशिवाय स्वस्तात देतोय. तो तर परदेशी साप आहे ना, मग आपला कायदा लागू होतो का?

वाईचा_बाळ्या | २२ जानेवारी

होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणीही आले. ती यादी सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची, बॉल पायथन तिच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. असा प्राणी ताब्यात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, तेही कळवावं लागतं. २०२४ मध्ये त्याचे नियम आले. बँकॉकहून मुंबई विमानतळावर बॅगांत कोंबून आणलेले बॉल पायथन पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. कागद नाही म्हणजे तुमचाही त्याच बॅगेतला असू शकतो. नाद सोडा. कात्रजच्या सर्पोद्यानात जा, काचेपलीकडून बघा.

गिरगावचा_नाना | २२ जानेवारी

दूध देऊन बघितलं का?

वाईचा_बाळ्या | २२ जानेवारी

नाना, तुम्ही मुद्दाम विचारताय. नागपंचमीच्या आधी गारुडी सापाला कित्येक दिवस तहानलेला ठेवतात, मग तो समोर येईल ते पितो. त्याला दूध पचत नाही.

गिरगावचा_नाना | २२ जानेवारी

मुद्दामच विचारलं. कोणीतरी विचारणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.

शेवंती७ | २६ जानेवारी

अपडेट. तापमान आता ताळ्यावर. गरम बाजू ८९-९०, थंड ७८, रात्रीही तेवढंच. आर्द्रता ६२. मुलाला दोन आठवडे हात लावायचा नाही असं सांगितलं, त्यानं टाकीवर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी लावली आणि पाटी नीट आहे का बघायला दर तासाला जातो.

पण सांगायची गोष्ट वेगळीच. सासूबाई डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. शिराळ्याजवळच्या खेड्यातलं माहेर, मोठा वाडा, धान्याची कोठारं. महिनाभर त्या लाडूच्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. काल दारातूनच बघून म्हणाल्या, "अगं, साप अडगळीत राहतो. तुम्ही त्याला दिवाणखाना दिलाय."

मी म्हटलं, लपायला पूल आहे की. तर म्हणाल्या, "त्याला दोन्हीकडून वारा लागतो. आमच्याकडे कोठीत साप निघायचा तो नेहमी दोन पोत्यांच्या फटीत. पाठ टेकायला लागते त्याला."

रानमांजर | २६ जानेवारी

आजींना साष्टांग नमस्कार. मी तीन परिच्छेद लिहिणार होतो, त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. दोन्ही बाजूंनी उघडा पूल हा माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. बॉल पायथनला एकच दार असलेली, अंगाला सगळीकडून भिडणारी जागा लागते. घट्ट. त्याच्यावर कीव करून मोठी घेऊ नका. अशा दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, अगदी सारख्या. नाहीतर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो आडोसा निवडून गार बसतो.

टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. आणि मोकळी जागा पानं, कागदाचे गोळे, पुठ्ठ्याच्या नळ्या यांनी भरून टाका. टाकी मोठी असण्यात चूक नाही, रिकामी असण्यात आहे.

शेवंती७ | २७ जानेवारी

देसी दुकानातल्या पाच पौंडी दह्याचे दोन डबे घेतले, उपडे केले, कडेला मुठीएवढं दार कापलं. कापलेली कड मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केली. सासूबाईंनी तपासून पास केलं. टाकीत ठेवून दिवा मालवला. पंधरा मिनिटांनी बघितलं तर पूल रिकामा आणि दह्याच्या डब्याच्या दारात नुसतं नाक. इतके पैसे घालवून घेतलेल्या सजावटीचं काय करू आता?

पुणेरी_टोपी | २७ जानेवारी

पुलावर मनीप्लांट ठेवा.

कॉर्नफ्लेक्स | २९ जानेवारी

आता जेवणाबद्दल. तुम्ही मध्यम रॅट देताय, तो ८०-९० ग्रॅमचा तरी असेल. ६०० ग्रॅमच्या सापाला, तेही इतक्या उपासानंतर, तो डोंगर वाटतो. परत माऊसवर या, २५ ग्रॅमच्या आसपासचा. ज्या वासावर वाढलाय त्यालाच आधी हो म्हणेल. रॅटवर न्यायचं ते नंतर, रॅटला माऊसच्या बिछान्यात घोळवून.

आमच्या कॉर्न स्नेकच्या पिल्लानं तर जन्मल्यापासून काहीच खाल्लं नव्हतं. ती पिल्लं निसर्गात सरडे-बेडकांवर असतात, उंदराचा वास त्यांना अन्नाचा वाटतच नाही. आम्ही पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं पिल्लू) धुवून, पुसून, त्यावर सरड्याची टाकलेली कात चोळली. तरी नाही. शेवटी पिंकीच्या डोक्याला सुई टोचून आतला थेंब बाहेर आणला, छोट्या डबीत दोघांना बंद करून कपाटात ठेवलं. सकाळी डबीत साप एकटा. हे वाचताना कोणी पोहे खात असेल तर क्षमस्व.

खवलेमांजर | २९ जानेवारी

गरम कसं करता तेही सांगा. बर्फातून काढून थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरून गरम, पोट गोठलेलं. मायक्रोवेव्ह तर नकोच, शिजतो किंवा फुटतो. आदल्या रात्री बंद पिशवीत घालून थंड डब्यात वितळू द्या, मग पिशवीसकट गरम पाण्यात, अंग ९८ ते १०० फॅरनहाइटला येईतो. शेवटी डोकं थोडं जास्त गरम. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खड्ड्यांची रांग असते, त्यानं त्याला उष्णता जाणवते, अंधारात तो तुमच्या उंदराकडे असा बघतो. ओला असेल तर कोरडा करा.

वेळ रात्रीची. लांब चिमट्यानं शेपटीकडून किंवा कमरेला धरा, दाराशी हळू आणा. नाचवू नका, नाकावर आपटू नका. पाच मिनिटांत घेतलं नाही तर डब्याच्या दारात ठेवून खोलीचं दार ओढा आणि झोपा. सकाळी उरला तर फेका, परत गोठवू नका. त्यानंतर किमान दहा-बारा दिवस काही देऊ नका. तुम्ही दर तीन दिवसांनी देत होतात, म्हणजे दर तीन दिवसांनी एक मोठा हात त्याच्या तोंडासमोर येत होता.

उंदीर हाताळल्यावर साबणानं हात, भांडं वेगळं, आणि हे काम सिंकमध्ये नको. गोठवलेल्या उंदरांवर साल्मोनेला हा जंतू जिवंत राहतो, त्यातून माणसं, विशेषतः लहान मुलं आजारी पडलेली आहेत.

शेवंती७ | ३ फेब्रुवारी

डोळे निळसर-दुधी झालेत. कात टाकणार बहुतेक. माऊस वितळवणार होते, थांबू?

रानमांजर | ३ फेब्रुवारी

थांबा. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, बहुतेक साप खात नाहीत. डोळे परत स्वच्छ होतील, मग काही दिवसांनी कात पडेल. तोवर ओलसर शेवाळ एका डब्यात घालून ठेवा, बाकी काही नाही.

शेवंती७ | १२ फेब्रुवारी

कात पडली. अख्खी! नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांवरच्या काचेसारख्या खवल्यांसकट. नोव्हेंबरमध्ये तुकड्या-तुकड्यांत निघाली होती, मला वाटलं तशीच निघते. मुलानं शाळेत नेली.

वजन ५९४. मी घाबरलेले नाही, असं स्वतःला सांगतेय.

रात्री माऊस दिला. बाहेर आला, जीभ लावली, पाच मिनिटं विचार केला आणि परत डब्यात. पण मान वळवली नाही यावेळी. रात्रभर ठेवला, सकाळी जागेवर.

रानमांजर | १२ फेब्रुवारी

बाहेर आला हीच मोठी गोष्ट आहे. आता २४ पर्यंत त्याला विसरा. सिनेमा बघा.

देशमुखी_थाट | १३ फेब्रुवारी

मी अजूनही म्हणतो, जिवंत दिला असता तर जानेवारीतच संपलं असतं. पण मुलगा कॉलेजला जाईपर्यंत तरी जगेल ना हा?

रानमांजर | १३ फेब्रुवारी

मुलगा कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, लग्न करेल, आणि साप ताईंकडेच राहील. नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज काढतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये दिलेली एक मादी होती, तिनं २०२० मध्ये सात अंडी घातली. वय बासष्टच्या पुढे, आणि कित्येक वर्षं नराचं तोंड पाहिलेलं नाही.

शेवंती७ | १३ फेब्रुवारी

हे मला ऑक्टोबरमध्ये कोणी का सांगितलं नाही?

शेवंती७ | २५ फेब्रुवारी

जेवला!!!

काल रात्री साडेदहा. खोलीत अंधार, फक्त पॅसेजमधला उजेड. मुलगा आणि सासूबाई दारात, श्वास रोखून. माऊसचं अंग बंदुकीवर ९९, डोकं ड्रायरनं जरा आणखी गरम केलं. दह्याच्या डब्याच्या दारापासून चार बोटांवर धरला आणि हात टाकीच्या कडेला टेकवला, नाहीतर थरथरत होता.

आधी नाक आलं. मग जीभ, सावकाश, एकेकदा, लांबवर बाहेर काढून. मग मान थोडी मागे गेली आणि इंग्रजी एससारखी वळली. मुलगा कुजबुजला, "आई, हलू नकोस." आणि पुढचं मला दिसलंच नाही. चिमट्याला झटका बसला तेव्हा कळलं. माऊस दोन वेढ्यांच्या आत, बाहेर फक्त शेपटी. मेलेल्याला दहा मिनिटं आवळत बसला होता! मग वेढे सैल केले, नाकानं चाचपडत डोकं शोधलं, आणि जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, असं चालत चालत त्याच्यावरून गेला. शेवटी शेपटी शेवईसारखी आत. दोन मोठ्या जांभया दिल्या, जबडा जागेवर बसवला आणि डब्यात.

मी रडले. सासूबाई म्हणाल्या, "जेवला ना? आता त्याला झोपू द्या, तुम्हीही झोपा." आणि दिवा मालवून गेल्या.

रानमांजर | २५ फेब्रुवारी

वा! आता किमान दोन दिवस हात लावायचा नाही. पोटात घास असताना आतडं आणि यकृतसुद्धा काही दिवसांसाठी मोठं होतं या अजगरांचं, सगळी शक्ती तिकडे लागते. पुढचा माऊस दहा दिवसांनी, तेवढाच. लगेच रॅटवर उडी नको.

वाईचा_बाळ्या | २५ फेब्रुवारी

तत्त्व सोडलेलं नाही, पण बरं वाटलं. आजींना विचारा, त्यांच्या कोठीतले साप कोण पकडायचं?

शेवंती७ | २६ फेब्रुवारी

विचारलं. म्हणाल्या, कोणीच नाही. पोती हलवायची नाहीत संध्याकाळपर्यंत, आपला आपण जातो.

शेवंती७ | २२ मार्च

६ आणि १६ मार्चला माऊस घेतला. कालपासून डोळे परत दुधी, म्हणून काही दिलं नाही. वजन ६१८. मुलाच्या वहीत आता तापमानाचाही रकाना आहे. सासूबाई परवा परत निघाल्या, जाताना टाकीपाशी जाऊन आल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत.

झुळूक_नाशिककर | २ एप्रिल

धागा वर काढतेय, माफ करा. मी सध्या लंडनला आहे. माझा कॉर्न स्नेक तीन आठवडे झाले काहीच खात नाहीये, खूप टेन्शन आलंय. प्लीज लवकर सांगा कोणीतरी!

शेवंती७ | २ एप्रिल

वजन किती? आधी किती होतं? लपायला काय दिलंय, त्याचा फोटो टाक. आणि तापमान कशानं मोजतेस, ते सांग. काचेवरचा गोल काटा नाही ना?